गर्दीचा हिशेब तपासून बघा: कोकणात राहून डिझाइन, व्हिडिओ आणि कोडचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

एन्रॉन म्हटलं की आपल्याकडे गुहागर तालुक्यातलं अंजनवेल आठवतं, मोर्चे आठवतात आणि महागडी वीज आठवते. दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९च्या मे महिन्यात सुरू झाला आणि दोनच वर्षांनी, मे २००१ मध्ये, राज्य वीज मंडळाने त्याची वीज घेणं थांबवलं. हे सगळं इथल्या माणसाला पाठ आहे. पण याच कंपनीची एक अमेरिकेतली गोष्ट आहे, आणि ती कोकणात बसून काम करणाऱ्या डिझायनरच्या किंवा प्रोग्रामरच्या जास्त उपयोगाची आहे.

ऑक्टोबर २००० मध्ये जिम चेनॉस नावाचा न्यूयॉर्कचा गुंतवणूकदार एन्रॉनचा १९९९चा वार्षिक अहवाल घेऊन बसला. तेव्हा ही कंपनी सगळ्यांच्या गळ्यातला ताईत होती. ‘फॉर्च्यून’ मासिकाने १९९६ ते २००१ अशी सलग सहा वर्षं तिला अमेरिकेतली सर्वांत कल्पक कंपनी ठरवलं. चेनॉसने अहवाल तळटीपांसकट वाचला. पुढच्या कित्येक वर्षांत मिळेल असा अंदाज असलेला नफा कंपनी आजच जमेला धरत होती. एवढं करूनही गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा जेमतेम ७ टक्के येत होता, आणि ते भांडवल उभं करायचा खर्च त्याच्या अंदाजाने ९ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे धंदा जितका वाढेल तितकी खोट. संबंधितांशी, म्हणजे कंपनीच्याच अधिकाऱ्यांशी जोडलेल्या संस्थांशी, केलेल्या व्यवहारांच्या तळटीपा तर पुन्हा पुन्हा वाचूनही कळेनात. शेअर बाजारातल्या विश्लेषकांना विचारलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी कबूलच केलं की या कंपनीचा हिशेब तपासता येत नाही, विश्वास ठेवावा लागतो. चेनॉसने नोव्हेंबर २००० पासून शेअर पडेल या बाजूने पैसे लावले. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

त्याच्याकडे आतली खबर नव्हती. अहवाल ज्याला हवा त्याला मिळत होता. बाकीच्यांनी तो वाचायचे कष्ट घेतले नाहीत, कारण इतके लोक एक गोष्ट मानतात म्हणजे कुणीतरी तपासली असणारच, असं प्रत्येकाला वाटत होतं.

मी सिंधुदुर्गात राहून सॉफ्टवेअरचं काम करतो. दहावी-बारावी झालेल्यांपासून पुण्यातली नोकरी सोडून गावी आलेल्यांपर्यंत बरीच मुलं विचारायला येतात: काय शिकू, काय बनवू, सध्या कशाला मागणी आहे? त्यांना मी जे सांगतो ते इथे पायरी-पायरीने लिहितोय. शेअर कुठले घ्यावेत हे यात नाही. प्रवाहाविरुद्ध पैसे लावणारा चांगला गुंतवणूकदार ज्या सवयी पाळतो, त्या आपल्या कामात कशा आणायच्या, एवढंच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. उलटं बोलणं म्हणजे स्वतंत्र विचार, असं समजणारे पुष्कळ भेटतात. सगळे रील करतात म्हणून मी करणार नाही, सगळे पायथॉन शिकतात म्हणून मी दुसरं काहीतरी शिकणार. असा माणूसही गर्दीकडे बघूनच चालत असतो, फक्त पाठमोरा. गर्दी बहुतेक वेळा बरोबर असते. आपल्याला शोधायची असते ती तिच्या हिशेबातली चुकलेली एखादी ओळ.

पायरी १: गर्दीचं म्हणणं गर्दीपेक्षा नीट मांडा

समजा तुम्ही तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांसाठी काम करायचं ठरवलंय. आजवर त्यांच्यासाठी झालेले व्हिडिओ बघा. ड्रोनवरून समुद्र, मावळतीचा सूर्य, सुरमईची थाळी, सोलकढीचा क्लोजअप, मागे तेच गाणं. हसायला सोपं आहे. हसू नका. आधी कागदावर लिहा की सगळे असंच का करतात. मुंबई-पुण्याचा माणूस हे बघूनच बुकिंगचा विचार करतो. मालकाला आपलं घर असं वरून बघून आनंद होतो आणि तो पैसे पटकन देतो. एका दिवसात शूटिंग होतं. तिन्ही कारणं पक्की आहेत. ही तुम्हाला मनापासून पटली नाहीत, तर तुम्ही अजून गर्दीला समजून घेतलेलं नाही.

आता मालकाशेजारी ओट्यावर बसा आणि त्याचा व्हॉट्सॲप त्याच्या परवानगीने बघा. रोज तेच प्रश्न येतात. गाडी दारापर्यंत येते का? टॉयलेट वेस्टर्न आहे ना? आईला गुडघ्याचा त्रास आहे, पायऱ्या किती? आम्ही चौघं, त्यातला एक शाकाहारी, चालेल का? एसी इन्व्हर्टरवर चालतो का? बीच किती लांब, म्हणजे चालत की गाडीने? मालक जेवणाच्या वेळी, एका हाताने, चष्मा शोधत, हीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करतोय. काही प्रश्नांना उत्तर द्यायचं राहून जातं आणि ते गिऱ्हाईक शेजारच्या घरी जातं.

ड्रोनच्या व्हिडिओत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. फाट्यापासून दारापर्यंतचा रस्ता गाडीत बसून न कापता घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, पायऱ्यांचा सरळ फोटो, बाथरूमचा सरळ फोटो आणि मालकिणीच्या आवाजात जेवणाची माहिती, एवढं एका साध्या पानावर ठेवून त्याची लिंक मालकाला दिली, तर त्याचे दिवसाचे किती कष्ट वाचतात ते त्यालाच विचारा. कलेच्या दृष्टीने हे काम कुणाला दाखवावंसं वाटणार नाही, म्हणून मी ते सुरू केलं तेव्हा दुसरं कुणी करत नव्हतं. तुमच्या उलट्या वाटेचं तोंड बहुतेक वेळा अशाच न मिरवता येणाऱ्या जागी सापडतं.

अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६ मध्ये शेअर बाजाराची तुलना वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेशी केली होती. शंभर फोटोंमधून सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडायचे, आणि ज्याची निवड सगळ्यांच्या सरासरी निवडीला सर्वांत जवळची त्याला बक्षीस. मग कुणी स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही, इतरांना काय आवडेल याचा अंदाज बांधत बसतो. रील करणाऱ्या मंडळींनी हे वाक्य टेबलासमोर लावायला हरकत नाही.

पायरी २: मूळ कागदापर्यंत जा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त लोक हिलाच टाळतात.

रत्नागिरी आणि राजापूर भागातले सडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. काळा-तांबडा जांभा, पावसाळ्यात गवत, उरलेलं वर्ष रखरखाट. त्या जमिनीला कुणी किंमत देत नव्हतं. त्याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. कशेळीच्या सड्यावर तर एक अवाढव्य हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या. गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना यातली काही चित्रं माहीत होती, काही ठिकाणी त्यांना देवाचं मानलं जायचं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी गावोगाव पायी फिरले, माणसांना विचारत गेले, शाळेतल्या मुलांना त्यांच्या आजी-आजोबांना विचारायला लावलं, आणि शेकडो कातळशिल्पं नोंदली. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

तुम्ही स्वतः बघायला गेलात तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. भर दुपारी त्याच कातळावर उभं राहिलात तर पायाखाली काही दिसत नाही, डोळे दिपतात. ऊन तिरपं झालं की कोरलेल्या रेघेच्या एका कडेला बारीक सावली धरते, आधी एक शेपूट दिसते, मग पाय, मग अख्खा प्राणी. कातळ तोच असतो.

आपल्या कामात मूळ कागद म्हणजे काय? प्रोग्रामर असाल तर अधिकृत डॉक्युमेंटेशन, लायब्ररीचा सोर्स कोड आणि एरर लॉग. दुसऱ्याने केलेल्या ट्युटोरियलचं तिसऱ्याने केलेलं हिंदी रूप हा मूळ कागद नव्हे. एरर आली की तिची पहिली आणि शेवटची ओळ स्वतः वाचायची, मगच शोधायला जायचं. हल्ली एआयकडून कोड लिहून मिळतो, म्हणून कोड वाचायला शिकायची गरज उरली नाही असं ठामपणे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. माझं मत नेमकं उलट आहे. लिहून देणारे स्वस्त झाले की वाचून चूक पकडणाऱ्याचा भाव वाढतो.

व्हिडिओ करणारे असाल तर दशावतारावर आलेले दहा व्हिडिओ बघून अकरावा करू नका. जत्रेत रात्री रंगपटात जाऊन बसा, अर्थात मालकाला आणि कलाकारांना विचारून. नट आपला चेहरा आपणच रंगवतो. संवाद लिहिलेले नसतात, कथानक ठरतं आणि बोलणं रंगमंचावर उभं राहून सुचतं. हे एकदा कळलं की तुम्हाला दिसेल की दशावताराच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये युद्धाचा तुकडा असतो आणि बोलणं कापलेलं असतं. खरी करामत बोलण्यात आहे. तिला सबटायटल लागतात, चांगला माईक लागतो, मालवणी समजणारा संकलक लागतो. पुण्याहून येणाऱ्या टीमकडे यातलं शेवटचं नसतं.

पायरी ३: भावात काय धरलंय ते विचारा

गुंतवणूकदार चांगली कंपनी आणि चांगला शेअर यात फरक करतो. कंपनी उत्तम आहे हे सगळ्यांना कळलं असेल, तर ते शेअरच्या भावात आधीच आलेलं असतं. हापूसवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. वाशीच्या बाजारात सुरुवातीच्या पेट्यांना जो दर मिळतो तो मे महिन्यात आवक वाढल्यावर राहत नाही, आणि शेवटी तर फळ कॅनिंगला जातं. आंबा तोच, गोडीही तीच, पण बाजारात सगळे एकदम उतरलेले.

कौशल्याचंही असंच. क्लासच्या जाहिरातीत ज्या कोर्सचं नाव मोठ्या अक्षरात आहे, त्याची मागणी खरी असते, पण तुम्ही शिकून बाहेर पडाल तेव्हा तुमच्यासोबत किती जण पेटी घेऊन उभे असतील ते बघा.

मात्र दुर्लक्षित आहे म्हणून ते मौल्यवान, असंही नाही. बऱ्याच गोष्टींकडे दुर्लक्ष होतं कारण त्यात काही नसतं. जॉन टेम्पलटनने १९३९ मध्ये, युरोपात युद्ध सुरू झालेलं असताना, दहा हजार डॉलर उसने घेऊन एक डॉलरपेक्षा कमी भावाच्या १०४ कंपन्यांचे शेअर घेतले. त्यातल्या ३४ कंपन्या दिवाळखोरीत होत्या. चार पूर्ण बुडाल्या. तरी सरासरी चार वर्षांत दहा हजारांचे सुमारे चाळीस हजार झाले. यातलं शिकण्यासारखं मला जे वाटतं ते धाडस नव्हे, १०४ हा आकडा. त्यातली नेमकी कुठली तरेल हे आपल्याला कळणार नाही, असं त्याने आधीच गृहीत धरलं होतं.

पायरी ४: वहीत लिहा, तारीख घालून

कल्पना सुचली की सहा महिन्यांनी तुमची आठवण तुम्हाला हवी तशी बदलते. ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. म्हणून वही. दोनशे पानी साधी चालेल. नोंद साधारण अशी करायची:

‘आंबा बागायतदारांसाठी पेट्यांचा हिशेब ठेवणारं ॲप. लोक काय मानतात: शेतकऱ्याला ॲप नको असतं, तो वहीत लिहितो. मला काय वाटतं: त्याला ॲप चालेल, पण आत्ताची ॲप्स बागेत रेंज नसताना उघडत नाहीत आणि डझनाच्या हिशेबात पेटी मोजत नाहीत. मी हे कशावरून म्हणतो: तीन बागांमध्ये पॅकिंगच्या वेळी उभा राहिलो, तिथे पेटीवर चार डझन, पाच डझन असं लिहितात, ॲपमध्ये किलो विचारतात. मी चुकलो हे कशावरून कळेल: फुकट दिलेलं ॲप हंगामाच्या मध्यावर पाचपैकी एकच जण वापरत असेल तर. किती वेळ घालवणार: एक हंगाम, संध्याकाळचे दोन तास.’

शेवटची दोन वाक्यं नसतील तर ती नोंद नव्हे, नुसतं स्वप्नरंजन. ‘मी चुकलो हे कशावरून कळेल’ ही ओळ लिहायला सर्वांत जड जाते. जिथे जड जातं तिथे थांबून विचार करा. ती ओळ सुचतच नसेल तर अजून बागेत गेलेले नाही आहात.

पायरी ५: पैज लहान, दम मोठा

मायकेल बरी या गुंतवणूकदाराने २००५ मध्ये अमेरिकेतल्या गृहकर्जांवरच्या रोख्यांची माहितीपत्रकं वाचून काढली आणि ती कर्जं बुडतील या बाजूने करार घेतले. त्या करारांचा हप्ता त्याला सतत भरावा लागत होता. त्याचे स्वतःचे गुंतवणूकदार चिडले, पैसे परत मागू लागले. २००७ मध्ये त्याचं खरं ठरलं. मधली सगळी वर्षं तो सगळ्यांना चुकलेलाच दिसत होता. बरोबर असणं आणि बरोबर ठरेपर्यंत टिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि इथेच कोकणात राहण्याचा खरा फायदा आहे, निसर्गसौंदर्य वगैरेपेक्षा कितीतरी मोठा. घर वडिलोपार्जित, भाडं नाही. भात घरचं, नारळ परसातले. पुण्यात फ्लॅटचा हप्ता भरणारा मुलगा एखाद्या न चालणाऱ्या कल्पनेवर तीन महिने काढू शकत नाही, तुम्ही वर्षभर काढू शकता. हा दम शहरात पैसे देऊन विकत घ्यावा लागतो.

पण त्याचा हिशेब मांडा. महिन्याचा खरा खर्च काढा. त्यात इन्व्हर्टरची बॅटरी धरा आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट धरा, कारण जूनमध्ये झाड तारेवर पडलं की वीज कधी येईल ते लाइनमनलाही माहीत नसतं आणि मुंबईच्या क्लायंटला ते कारण एकदाच ऐकून घ्यावंसं वाटतं. हातात नेहमीचं, कंटाळवाणं, पैसे देणारं काम ठेवा: कुणाची वेबसाइट सांभाळणं, लग्नाचे अल्बम, डेटा एन्ट्री, काहीही. आठवड्यातले चार-पाच दिवस त्याला, उरलेले आपल्या पैजेला. नोकरी सोडून, सोनं गहाण ठेवून ‘आपल्या कल्पनेवर विश्वास’ दाखवणाऱ्यांच्या गोष्टी भाषणात छान वाटतात.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची ठाकर समाजाची परंपरा अशा काळात धरून ठेवली जेव्हा तिला प्रेक्षक उरला नव्हता. घरच्या गुरांच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात सुरू केलं म्हणजे जागेचं भाडं नव्हतं, हेही लक्षात घ्या.

पायरी ६: कुणाचं ऐकायचं

तुम्ही काही वेगळं करायला लागलात की गावात कुणीतरी विचारणारच, ‘मेल्या, ह्यां कोण बघतलो?’ याला रागावू नका, उलट विचारा, ‘काका, का नाही बघणार?’ उत्तरात माहिती असेल तर लिहून घ्या. ‘बागायतदार संध्याकाळी सातनंतर फोन बघतो, दुपारी नाही’ ही माहिती आहे. ‘आपल्याकडे असलं चालत नाही’ ही सवय आहे. माहिती देणारा विरोधक सोन्यासारखा असतो, त्याला चहा पाजा. ज्याने आधी हेच करून पैसे घालवलेत, त्याच्याकडे तर मुद्दाम जा.

कौतुकाचंही असंच. मित्रांनी दिलेले लाइक नोंदीत धरायचे नाहीत.

पायरी ७: गर्दी तुमच्याकडे आली की

मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी लोक नेऊन खायचे किंवा विकायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येऊ लागले, घराघरांत राहायची सोय झाली, कासव महोत्सव सुरू झाला. आता किनाऱ्यावरच्या इतर गावांतही तसे महोत्सव होतात. ज्या गोष्टीकडे कुणी बघत नव्हतं ती सर्वमान्य झाली, चांगलंच झालं. पण आज एखाद्याने मला सांगितलं की तो कासवांवर माहितीपट करणार आहे, तर मी त्याला पायरी एकवर परत पाठवीन.

तुमचं काम चाललं की नक्कल होणारच, आणि कोकणात तर पुढच्या हंगामाच्या आत होते. भांडत बसू नका. मी होमस्टेवाल्यांची ती साधी पानं करत होतो, तेव्हा नकला सुरू झाल्यावर नवी कामं घेणं थांबवलं आणि आलेली चौकशी त्या नकला करणाऱ्यांपैकीच एका हुशार मुलीकडे वळवायला लागलो. जुन्या मालकांकडे जाणं मात्र सोडलेलं नाही, कारण त्यांच्या फोनमध्ये येणारे प्रश्न बदलत राहतात. या हंगामात तो इलेक्ट्रिक गाडी चार्ज होईल का असा आहे, आणि घरातली वायरिंग ते पेलेल का हे बहुतेक मालकांना माहीत नाही. मी सध्या तालुक्यातल्या एका वायरमनला घेऊन घरोघरचे मीटर बघत फिरतोय.